नावाचा पैसा, गावाचा पैसा

पंचायत समितीच्या लेखा विभागात लागल्यावर मला सर्वांत आधी कळले ते हे, की सरकारी पैशाला नाव असते. वित्त आयोगाचा पैसा, आदिवासी उपयोजनेचा पैसा, जिल्हा नियोजनचा पैसा, घरकुलाचा पैसा, रोजगार हमीचा (रोहयोचा) पैसा. प्रत्येकाचे लेखाशीर्ष निराळे, बँकेतले खाते निराळे, रोकडवही निराळी आणि खर्चाची मुदतही निराळी. एका खात्यात लाखो रुपये पडून असताना शेजारच्या खात्यातून पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचे बिल का निघत नाही, हे गावातल्या माणसाला समजावून सांगताना दम निघतो. आत काम करणाऱ्याला मात्र त्याची इतकी सवय होते, की यात विचार करण्यासारखे काही आहे हेच तो विसरून जातो.

मी कनिष्ठ सहायक (लेखा) म्हणून लागले आणि सहायक लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. सारी नोकरी नाशिक जिल्ह्यात झाली. काही वर्षे पश्चिमेकडच्या डोंगरी आदिवासी तालुक्यांत, काही वर्षे सिन्नर-निफाडच्या बाजूला, शेवटची जिल्ह्याच्या ठिकाणी. तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या अशा तीन वित्त आयोगांचा पैसा माझ्या टेबलावरून गावोगाव गेला. त्या नोंदी ठेवता ठेवता एक गोष्ट मनात पक्की होत गेली, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. दिल्लीहून निघालेला रुपया गावात एकटा येत नाही. राज्याचा, जिल्ह्याचा आणि गावाचा रुपया तो आपल्या मागे ओढतो. तो कोणत्या अटीवर येतो, त्यावर गावाचा स्वतःचा पैसा कुठे जाणार हे ठरते. अनुदानाची चर्चा आपण नेहमी ‘किती आले’ एवढ्यावर थांबवतो. त्याने आपल्या स्वतःच्या खर्चाचे काय केले, हे कोणी विचारत नाही.

गावाचा स्वतःचा पैसा म्हणजे काय ते आधी सांगते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही आणि नमुना ९ म्हणजे कर मागणीची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, आठवडे बाजाराची फी, असले तर दोन-चार गाळ्यांचे भाडे. या पैशाला कोणी वरून नाव देत नाही. पंप जळाला, रस्त्यात झाड पडले, शिपायाचा पगार थकला, की हाच पैसा धावून येतो.

पण हा पैसा सगळीकडे सारखा नाही. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या ग्रामपंचायतींना कारखान्यांची घरपट्टी मिळते. पेठ-सुरगाण्याकडे कुडाच्या भिंतींची घरे. त्यांच्या भांडवली मूल्यावर आकारणी करून पट्टी ती किती निघणार? शिवाय भातकापणी आणि नागली-वरईची कामे आटोपली, की निम्मे गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाते. मागणी बिले वाटायला शिपाई निघतो तेव्हा दारांना कुलपे असतात. अशा गावाच्या अंदाजपत्रकात स्वउत्पन्नाचा रकाना मी वर्षानुवर्षे पाहिला. तो पाहून कुणालाही वाटेल, की या गावाला अनुदानावाचून गत नाही. ते खरेच आहे. म्हणूनच अनुदान कसे येते याला इतके महत्त्व आहे.

वित्त आयोगाच्या अनुदानाच्या वाटपाचे सूत्र साधे होते: लोकसंख्येला ९० टक्के वजन, क्षेत्रफळाला १०. कागदावर ते न्याय्य दिसते. पण पश्चिमेकडे गट ग्रामपंचायती आहेत. एका ग्रामपंचायतीत सहा-सात पाडे, एक पाडा टेकडीवर, दुसरा नदीपलीकडे. निफाडच्या एका दाट वस्तीच्या गावात एवढ्याशा नळवाहिनीवर शंभर घरे जोडली जातात. इकडे तेवढ्याच लांबीत दहासुद्धा नाहीत. माणशी पैसा सारखा, माणशी खर्च मात्र कितीतरी जास्त. राज्यात भरपूर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यांपैकी हा एक. पार-नार-दमणगंगेचे पाणी पश्चिमेला वाहून जाते आणि एप्रिलमध्ये त्याच पाड्यांना टँकर लागतो. सूत्रात पाऊस नाही, उतार नाही, पाड्यांमधले अंतर नाही.

२०१५ साल आमच्यासाठी मोठ्या उलथापालथीचे होते. वाय. व्ही. रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौदाव्या वित्त आयोगाने दोन गोष्टी केल्या. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेला, आणि ग्रामीण भागासाठीचे अनुदान जिल्हा परिषद व पंचायत समितीला न देता सगळेच्या सगळे ग्रामपंचायतींना दिले. देशभरासाठी पाच वर्षांत २ लाख कोटींहून थोडी अधिक रक्कम. त्यातली ९० टक्के मूलभूत अनुदान म्हणून, आणि १० टक्के कामगिरीवर. कामगिरी म्हणजे हिशेबाचे लेखापरीक्षण झालेले असणे आणि स्वउत्पन्नात वाढ दाखवणे.

ज्या ग्रामपंचायतीने कधी एकरकमी मोठा आकडा पाहिला नव्हता, तिच्या खात्यात थेट पैसे जमा होऊ लागले. राज्याने ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू करून प्रत्येक गावाकडून पाच वर्षांचा आराखडा मागितला. एक सरपंच भेटायला आले होते, ते म्हणाले, “ताई, म्हंजी आता पाच हजाराच्या कामासाठी जिल्ह्याला हेलपाटे घालायचे नाहीत ना?” त्यांचा चेहरा उजळलेला होता, आणि माझ्याही मनाला ते बरे वाटले. अधिकार पैशाबरोबर जातो, हे आम्ही लेखा विभागातले लोक इतरांपेक्षा जास्त जाणतो.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र नमुना ९ वाचताना निराळे चित्र दिसू लागले. काही गावांत घरपट्टीची वसुली ढिली पडली. ग्रामसेवक सांगत, “मॅडम, लोक म्हणतात, आयोगाचे पैसे आलेत ना तुम्हाला, मग आमच्याकडे कशाला मागता?” निवडून आलेल्या सदस्यांनाही पट्टीसाठी शेजाऱ्याच्या दारात जाणे नकोसे वाटते. वरून पैसा येत असताना ते नकोसेपण आणखी सोपे होते. दर चार वर्षांनी करायची फेरआकारणी पुढे ढकलली जाई. दुसरीकडे काही गावांनी याच काळात वसुली वाढवली. गावात खरोखर काही होते आहे असे दिसल्यावर लोक पट्टी भरायला तयार झाले. अनुदान एकच, नियम एकच, आणि परिणाम उलट. मला वाटते, फरक एवढाच होता, की दुसऱ्या प्रकारच्या गावांत ग्रामसभेला हिशेब वाचून दाखवला जात होता.

निवृत्तीनंतर या विषयावर थोडे वाचले तेव्हा कळले, की अर्थशास्त्रज्ञ या कोड्याशी पन्नासहून अधिक वर्षे झुंजत आहेत. १९७१ साली डेव्हिड ब्रॅडफर्ड आणि वॉलेस ओट्स यांनी असे मांडले, की बिनशर्त अनुदान आणि रहिवाशांच्या उत्पन्नातली तेवढीच वाढ यांचा परिणाम सारखाच व्हायला हवा. म्हणजे अनुदान आले, की स्थानिक सरकार बराचसा फायदा कर कमी करून लोकांना परत देईल. एडवर्ड ग्रॅमलिक आणि इतरांनी अमेरिकेतले आकडे तपासले तेव्हा तसे दिसले नाही. लोकांचे उत्पन्न वाढल्यावर सरकारी खर्च जेवढा वाढतो, त्याच्या कित्येक पट तो अनुदान आल्यावर वाढतो. पैसा जिथे पडला तिथेच चिकटून राहतो, म्हणून ऑर्थर ओकन यांनी माशा पकडायच्या चिकट कागदावरून याला ‘फ्लायपेपर’ परिणाम असे नाव दिले. माझा अनुभव असा, की पैसा चिकटतो खरा, पण तो कुठे चिकटतो हे अट ठरवते. आणि त्या जागी आधीपासून असलेला आपला पैसा कुणाच्या लक्षात न येता तिथून सरकतो.

या सरकण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या राज्याच्या इतिहासातच आहे. रोजगार हमी योजना महाराष्ट्राने स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या पैशाने उभी केली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळातला विस्तार, १९७७ चा कायदा. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला गेला, आणि त्या कराइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी गावच्या बांधावर मजुरी होऊन पोहोचत होता. पैसा स्वतःचा होता म्हणून योजनेला वळण देण्याची मोकळीकही होती. १९९० मध्ये राज्याने रोहयोशी जोडून फळबाग लागवड योजना आणली. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबाच्या बागांना तिने हात दिला. ती आणताना दिल्लीच्या मार्गदर्शक सूचनांची वाट पाहावी लागली नाही.

२००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कायदा केला आणि १०० दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा सारा खर्च उचलला. महाराष्ट्राकडे शंभर दिवसांपुढच्या कामाची जबाबदारी राहिली. देशातल्या कोट्यवधी मजुरांसाठी हे फार चांगले झाले यात शंका नाही. पण आमच्या टेबलावर काय बदलले? राज्य स्वतःच्या पैशाने जे करत होते, ते केंद्राच्या पैशाने होऊ लागले. व्यवसाय कर कापला जातच राहिला. त्याचे आणि बांधावरच्या मजुरीचे नाते मात्र लोकांच्या मनातून पुसले गेले. कामाची मागणी आली, की आम्ही पूर्वी मंत्रालयाकडे बघत असू, आता दिल्लीच्या खात्याकडे बघू लागलो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. हमीचे दिवस १२५ झाले आणि खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी ठरली. जो भार एकदा वर गेला होता, त्याचा मोठा भाग पुन्हा राज्याच्या अंगावर आला. दरम्यानच्या वर्षांत तो पेलण्याची राज्याची सवय सुटलेली असते. अनुदान येताना जागा करून घेते. जाताना ती जागा आपोआप भरून निघत नाही.

लहान प्रमाणात हेच गावातल्या दिव्यांचे झाले. पथदिव्यांची वीजबिले पूर्वी राज्याच्या पैशातून भागत. २०२१ साली ती आणि पाणीपुरवठ्याची बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून भरण्याचे आदेश निघाले. थकबाकीमुळे अनेक गावांची जोडणी तुटली होती, सरपंच संतापले होते. राज्याच्या तिजोरीवर कोविडचा ताण होता, वीज कंपनीची थकबाकी वाढत होती. आदेशामागे कारण होते. पण गावाच्या बाजूने पाहा. ज्यातून नवी कामे होणार होती त्या पैशातून आता जुने बिल जाणार. केंद्राच्या कागदावर अनुदान पूर्ण पोहोचलेले, गावाच्या आराखड्यातली कामे मात्र कमी झालेली. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर.

पंधराव्या वित्त आयोगाने वाटपाची रीतही बदलली. एन. के. सिंह यांच्या या आयोगाने पुन्हा तिन्ही स्तरांना पैसा दिला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के. २०२०-२१ या एका वर्षात राज्याच्या ग्रामीण संस्थांसाठी ५,८२७ कोटी रुपये होते. त्या वर्षी निम्मा पैसा बंधित आणि निम्मा अबंधित होता. २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित झाला. बंधित म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा.

या बंधनाबद्दल मी गावकऱ्यांची नाराजी रोज ऐकली. एका गट ग्रामपंचायतीच्या एका पाड्यावरून शाळेत जाताना मध्ये ओहोळ लागतो. पावसाळ्यात पाणी चढले, की लेकरे घरी बसतात. ग्रामसभेने एकमुखाने मागितली ती त्या ओहोळावरची फरशी. बंधित खात्यात पैसा होता, अबंधितात नव्हता. त्या पाड्याच्या एका आजींनी मला विचारले, “बाई, पैसा हाय म्हनता, मंग फरशी का व्हत नाही?” मी नियम सांगितला. नियम सांगताना आपण बरोबर असतो, आणि तरी समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही.

पण मी हेही पाहिले आहे, की बंधन नव्हते तेव्हा काय होत होते. पैसा पेव्हर ब्लॉकवर जाई, प्रवेशकमानीवर जाई, ज्यांचे आवाज मोठे त्यांच्या गल्लीच्या काँक्रीटवर जाई. पाण्याचा प्रश्न बायकांचा आणि गटाराचा प्रश्न वस्तीच्या टोकाच्या लोकांचा. त्यांच्या मागण्या आराखड्यात शेवटी येत आणि पैसा संपला, की गळून पडत. साठ टक्के पैसा पाणी-स्वच्छतेला बांधल्यावर पहिल्यांदा हे विषय यादीच्या वर आले. म्हणून बंधित निधी सरसकट वाईट असे मी म्हणणार नाही. जिथे गावातलेच बळ दुबळ्यांच्या विरुद्ध उभे असते, तिथे दिल्लीची अट दुबळ्यांच्या कामी येते. प्रश्न प्रमाणाचा आहे. चाळीस टक्क्यांच्या मोकळ्या पैशातून बिले, संगणक चालकाचे मानधन अशा देण्यांची वजावट झाली, की गावाने स्वतः विचार करून ठरवावे असे काही हातात उरत नाही.

याची दुसरी बाजू आमच्याच जिल्ह्यात दिसते. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना राज्य २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतल्या ५ टक्के रकमेचा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार) कायद्याखालचा अबंध निधी देते. त्यातून काय करायचे हे ग्रामसभेने ठरवायचे. सुरुवातीला हा निधी खर्च होईना. गावांना स्वतः ठरवण्याची सवय नव्हती. वरून यादी येईल आणि आपण सही करू, हीच रीत अंगवळणी पडलेली. पण ज्या गावांत कुणी कार्यकर्ता किंवा एखादा चांगला ग्रामसेवक टिकून राहिला, तिथे दोन वर्षांत फरक दिसला. लोकांनी झऱ्याभोवती बांध घातला, अंगणवाडीला पाण्याची टाकी दिली, वनहक्काच्या कामाला लागणारा खर्च केला. यातले एकही काम कुठल्या केंद्रीय योजनेच्या यादीत हुबेहूब सापडले नसते.

अनुदान गावाचा पैसा मागे ओढते असे म्हटले, त्याचे सर्वांत ठळक रूप म्हणजे हिश्श्याच्या योजना. २०१५-१६ नंतर बहुतेक मोठ्या केंद्रपुरस्कृत योजनांत आपल्यासारख्या राज्याला ४० टक्के वाटा घालावा लागतो. त्याआधी अनेक योजनांत तो २५ होता. जल जीवन मिशनमध्ये तर केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. १५ ऑगस्ट २०१९ ला या मिशनची घोषणा झाली: प्रत्येक ग्रामीण घराला नळ, माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी. त्यात गावानेही गावांतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा उचलायचा; डोंगरी, जंगलपट्ट्यातल्या आणि अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य असलेल्या गावांना ५ टक्के. आमच्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक योजना हाती घेतल्या गेल्या. अर्थ असा, की केंद्राने एक रुपया देऊ केला, की राज्याला दुसरा रुपया कुठूनतरी आणावाच लागतो. नाही आणला, तर केंद्राचा रुपयाही जातो, आणि विधानसभेत विचारले जाते, की दिल्लीचा पैसा का परत गेला. म्हणून तो दुसरा रुपया दुसऱ्या कामातून निघतो: रस्तेदुरुस्तीतून, शाळाखोल्यांतून, राज्याच्या एखाद्या लहान योजनेतून. त्या कामांची कोणी बातमी करत नाही, कारण ती कधी सुरूच होत नाहीत.

आणि मग दिल्लीचा हात आखडतो. २०२४-२५ मध्ये या मिशनसाठी केंद्राच्या अर्थसंकल्पात ७०,१६३ कोटी रुपये होते. सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. गावात याचा अर्थ काय होतो ते मी निवृत्तीनंतरही पाहते आहे. रस्ता खोदून नळ टाकलेले, टाकीचा सांगाडा उभा, ठेकेदाराचे देयक अडलेले आणि काम थांबलेले. खोदलेल्या रस्त्याचा चिखल मात्र गावाचा. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. पण राज्याने, जिल्ह्याने आणि गावाने आपापला पैसा आणि आपापली वर्षे आधीच यात गुंतवलेली आहेत.

समजा, योजना पूर्ण झाली. मग खरा हिशेब सुरू होतो. पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, टीसीएल पावडर, फुटलेला व्हॉल्व्ह, चार-पाच वर्षांनी जळणारी मोटर. या खर्चाला केंद्राच्या योजनेत जागा नाही. तो मुख्यतः गावाच्या पाणीपट्टीतून भागवायचा, म्हणजे ज्या गावाच्या दारांना हिवाळ्यात कुलपे असतात त्या गावाने. मी तपासलेल्या जुन्या पाणी योजनांच्या कागदांत बांधकामाचा हिशेब शेवटच्या पैशापर्यंत जुळलेला असे. योजना बंद का पडली याचे उत्तर मात्र नेहमी एकच असे: बिल थकले. लाखोंची मालमत्ता काही हजारांसाठी बंद. बांधायला अनुदान, चालवायला गाव, ही वाटणी इतकी रूढ आहे, की तिच्यावर वादही होत नाही.

शहराची गोष्ट याहून वेगळी नाही, रकमा मोठ्या एवढेच. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेत नाशिक होते. आपल्या आकाराच्या शहराला केंद्र ५०, राज्य २० आणि महापालिका ३० टक्के असे सूत्र. सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिक स्मार्ट सिटीच्या यादीत आले: केंद्र ५०० कोटी, राज्य २५०, महापालिका २५०. मोठी कामे झाली, आणि प्रत्येक कामामागे महापालिकेला आपला वाटा उभा करावा लागला. त्याच काळात तिच्या हातातला सर्वांत मोठा कर गेला. मे २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ऑगस्ट २०१५ मध्ये तीही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी संपली, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याकडून दरवर्षी ८ टक्के वाढीने मिळणारी भरपाई हा मुख्य आधार झाला. पूर्वी शहराच्या व्यापाराबरोबर उत्पन्न वाढत होते. आता ते मुंबईहून महिन्याच्या महिन्याला येते. सिंहस्थासारखा, बारा वर्षांनी येणारा प्रचंड खर्च समोर उभा असताना स्वतः ठरवू शकू असा कर हाती नसणे, ही गोदाकाठच्या या शहरासाठी साधी गोष्ट नाही.

अटी पैशापुरत्या नसतात. वित्त आयोगाच्या अनुदानासाठी निवडून आलेले सभागृह असावे लागते. ती अट योग्यच आहे. लोकांचा पैसा लोकप्रतिनिधींनी खर्च करावा. पण आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबल्या. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत संपून प्रशासक आले, आणि त्यांच्या वाट्याचे दहा-दहा टक्के अडकले. ग्रामपंचायतींना त्यांचे मिळत राहिले, म्हणून गवगवा झाला नाही. पण दोन गावांना जोडणारा रस्ता, चार गावांची मिळून असलेली योजना, आरोग्य उपकेंद्राची गळती, ही कामे ग्रामपंचायतीची नसतात. मतदार निवडणुकीची वाट पाहत होते, त्यांचा निधीही वाट पाहत राहिला. ज्यांनी चूक केली नाही त्यांनाच अटीची किंमत मोजावी लागली.

हे सारे पाहून कुणी म्हणेल, की अनुदाने नकोतच. मी तसे कदापि म्हणणार नाही. सुरगाण्याच्या टेकडीवरच्या पाड्याला निफाडच्या गावासारखे पाणी मिळायचे, तर पैसा वरूनच यायला हवा. तो त्या पाड्याचा हक्क आहे. मला सांगायचे आहे ते एका गावाने मला शिकवलेले. पश्चिमेकडचेच लहान गाव. योजना पूर्ण झाल्यावर तिथल्या ग्रामसभेने पाणीपट्टी वाढवली, आणि वसुली बचत गटाच्या बायकांकडे दिली. मजुरीला जाणाऱ्यांनी जाण्याआधी पट्टी भरायची असे ठरले. जमलेल्या पैशातून दुरुस्तीसाठी वेगळे खाते उघडले. रक्कम फार मोठी नव्हती. पण मोटर जळाली तेव्हा कुणाकडे अर्ज करावा लागला नाही. चौथ्या दिवशी पाणी सुरू झाले. वरून आलेल्या मोठ्या पैशाची राखण गावाच्या त्या लहान पैशाने केली.

१ एप्रिल २०२६ पासून अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालच्या सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ आहे. केंद्र-राज्यांत किती टक्के, याची चर्चा होईल. ती व्हायलाच हवी. पण जिल्ह्यात काम केलेल्या माझ्यासारखीच्या तीन मागण्या आहेत. राज्य आपल्या गावांना पैसा वाटते तेव्हा सूत्रात पाड्यांचे विखुरलेपण धरा. हिश्श्याच्या योजनेत बांधकामाबरोबर पहिल्या काही वर्षांच्या देखभालीचाही वाटा ठेवा, आणि तो गावाच्या वसुलीशी जोडा, म्हणजे अनुदान पट्टीला मारणार नाही, बळ देईल. आणि एकदा राज्याला, गावाला हिस्सा घालायला लावला, की अर्ध्या वाटेत आपला हात आखडू नका.

गावासाठी याहून सोपी गोष्ट आहे. कोणत्याही कामाला ठराव देण्याआधी ग्रामसभेने विचारावे: हे चालवायला दरवर्षी किती लागेल, आणि तिसऱ्या वर्षी ते कोण देईल? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या दिवशीच्या सभेत हा प्रश्न विचारायला कुठल्या आयोगाची शिफारस लागत नाही, की कुठल्या खात्यात पैसा जमा होण्याची वाट पाहावी लागत नाही.